पिन तर बसली होती!



गेल्या श्रावणात, घोटीत पावसाची झड लागलेली असताना, ओळखीचे एक आजोबा दवाखान्यात आले. हातात नायलॉनची पिशवी आणि पिशवीत रक्तदाब मोजण्याचे यंत्र. भाताची लावणी उरकून ते पंधरा दिवसांसाठी लेकीकडे पुण्याला गेले होते. यंत्र आठवणीने नेले. मात्र त्याचा अडॅप्टर घरच्या फडताळातच राहिला. नातू हुशार. त्याने घरातल्या इंटरनेटच्या राउटरचा अडॅप्टर काढला आणि यंत्राला लावून दिला. पिन चपखल बसली. यंत्राचा पडदा क्षणभर उजळला, थोडा जळका वास आला आणि पडदा कोरा झाला तो झालाच.

मी यंत्र उलटे करून पाहिले. पाठीवर बारीक अक्षरांत ६ व्होल्ट असे लिहिलेले होते. राउटरचे अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचे असतात. म्हणजे दुप्पट दाबाची वीज त्या बिचाऱ्या यंत्रात शिरली. परंतु खरी काळजी यंत्राची नव्हती. यंत्र बंद पडल्यावर आजोबांनी आपला रक्तदाब अंदाजाने ठरवायला सुरुवात केली. डोके हलके वाटते, तेव्हा दाब उतरला असणार, असा हिशेब करून त्यांनी गोळी अर्धी केली होती. मी मोजला तेव्हा तो १७८/१०४ होता. मी रागावलो. आजोबा शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, पिन तर बसली होती की!”

त्यांचे ते वाक्य पुढे कित्येक दिवस माझ्या मनात राहिले. प्रवासाला निघताना आपण औषधांची डबी भरतो, जुने कागद घेतो, मुलांसाठी तापाचे औषध घेतो. चार्जर मात्र शेवटच्या क्षणी, मिळेल तो, पिशवीत कोंबतो. आणि विसरलाच तर महामार्गावरच्या ढाब्याजवळ किंवा एसटी स्थानकाबाहेरच्या टपरीवर शंभर रुपयांत नवा घेतो. वैद्यकीय सदरात चार्जरचा विषय पाहून काहींना आश्चर्य वाटेल. विजेचा धक्का, भाजणे, आग आणि बंद पडलेली औषधोपचाराची यंत्रे या चारही गोष्टी अखेर डॉक्टरच्याच दारात येतात, एवढेच माझे उत्तर.

२ ऑगस्ट २०२३ रोजी गोव्याच्या सीमेलगतच्या कारवार तालुक्यात घडलेली घटना अनेकांनी वाचली असेल. मोबाइल काढून घेतला होता, पण चार्जर भिंतीतच होता आणि बटण चालू राहिले होते. लोंबकळणाऱ्या केबलचे टोक आठ महिन्यांच्या मुलीने तोंडात घातले. विजेच्या धक्क्याने ती दगावली. ज्या घरात रांगते मूल आहे, त्या घरातील प्रत्येकाने ही बातमी लक्षात ठेवावी असे मला वाटते. कारण त्या दिवशी त्या घरात जे घडले, ते आपल्या घरात रोज घडते. बटण बंद करण्याचे आपणही विसरतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो. केबलच्या टोकाला जेमतेम ५ व्होल्ट असतात, आणि ५ व्होल्टने माणूस मरत नाही. मग जीव जाईल एवढी वीज तेथे येते कोठून? हे समजण्यासाठी चार्जरच्या पोटात डोकावले पाहिजे. भिंतीतील वीज २३० व्होल्टची आणि दिशा बदलणारी असते. चार्जर प्रथम तिला एकाच दिशेची करतो. त्या वेळी आतील दाब सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. मग तो हा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो आणि बोटाच्या पेराएवढ्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे देतो. ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला घातक वीज, दुसऱ्या बाजूला निरुपद्रवी वीज. दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना कोठेही शिवत नाहीत. ऊर्जा जाते ती चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने. या दोन बाजूंमध्ये राखलेले पाचसहा मिलिमीटरचे अंतर आणि तारांवरचे पक्के वेष्टन, एवढाच काय तो आपल्या आणि मृत्यूच्या मधला बांध. हलक्या चार्जरमध्ये पैसे वाचवले जातात ते नेमके येथे. अंतर कमी ठेवतात, वेष्टन पातळ वापरतात, फ्यूज गाळतात. असा चार्जरसुद्धा मोबाइल चार्ज करतोच. त्याचा दोष वापरात दिसत नाही. तो फुटेपर्यंत किंवा आत ओल शिरेपर्यंत दडून राहतो.

शरीराच्या बाजूचा हिशेबही सांगतो. कोरडी, जाड कातडी विजेला बऱ्यापैकी अडवते. ओली कातडी, आणि त्याहून तोंडातील लाळेने भिजलेली नाजूक त्वचा, तिला वाट करून देते. ओल्या शरीराचा अवरोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला सुमारे २३० मिलिअँपियर प्रवाह वाहील. घरांत जे गळतीरोधक स्विच बसवतात, ते ३० मिलिअँपियरलाच वीज तोडतात. कारण त्यापुढे हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहण्याचा धोका असतो. आमच्या या भागात चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना ओल, हातांना ओल. तेव्हा येथला धोका कोरड्या मुलखापेक्षा जास्तच.

आता निवडीकडे येतो.

आपल्या देशात मोबाइलच्या चार्जरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. ती विनानोंदणी विकता येत नाही. पुष्कळ लोक चार्जरवर आयएसआयची खूण शोधतात. ती शोधू नका. चार्जरसाठी वेगळी खूण आहे. तीत वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली इंग्रजी ‘आर’ अक्षर, आडवी रेघ व त्यापुढे आठ आकडे. हा नोंदणी क्रमांक. (आयएसआयची खूण पाहायची ती भिंतीतील सॉकेट, प्लग अशा वस्तूंवर.) खूण छापणे नकली माल करणाऱ्यालाही जमते, म्हणून पुढची पायरी महत्त्वाची. ब्युरोचे ‘बीआयएस केअर’ नावाचे मोफत अ‍ॅप आहे. त्यात तो क्रमांक घातला की कोणत्या कंपनीच्या, कोणत्या वस्तूसाठी तो दिला आहे, हे दिसते. चार्जरवर एक नाव आणि अ‍ॅपमध्ये दुसरेच नाव, किंवा चार्जरचा म्हणून सांगितलेला क्रमांक भलत्याच वस्तूचा निघाला, तर तो चार्जर दुकानदाराला परत द्यावा. दुकानातच उभे राहून हे तपासायला दोन मिनिटे लागतात. मी तपासू लागलो की आमच्या बाजारपेठेतील एक दुकानदार हसतो, पण आता तो स्वतःच खोके उलटे करून क्रमांक वाचून दाखवतो.

‘सीई’ अशी दोन इंग्रजी अक्षरे पाहून भारावून जाऊ नये. ती युरोपच्या बाजारासाठीची खूण आहे आणि बहुतेक वेळा उत्पादक ती स्वतःच्या घोषणेवर लावतो. आपल्याकडच्या नोंदणीची जागा ती घेत नाही.

नामांकित कंपनीचे नाव पाहून घेतले म्हणजे झाले, असेही नाही. सर्वाधिक नकला नावाजलेल्या मालाच्याच होतात. अमेरिकेतील ‘यूएल’ ही वस्तूंची सुरक्षितता तपासणारी जुनी संस्था. तिने २०१६ साली एका प्रसिद्ध कंपनीच्या नावाने विकले जाणारे ४०० नकली चार्जर तपासले, तेव्हा ९९ टक्क्यांहून अधिक नापास झाले. त्यांतील १२ तर जिवावर बेतेल इतक्या निकृष्ट बांधणीचे निघाले. चारशेपैकी बारा हे प्रमाण ऐकायला लहान वाटते. पण एखाद्या गोळीने शंभरात तीन रुग्ण दगावण्याची भीती असती, तर ती गोळी मी कोणाला लिहून दिली असती का?

त्यानंतर लेबल वाचावे. अक्षरे इतकी बारीक असतात की माझ्या वयाच्या माणसाला भिंग घ्यावे लागते. अथवा मोबाइलने फोटो काढून तो मोठा करावा. पहिली ओळ आत येणाऱ्या विजेची. तेथे १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे लिहिलेले हवे. असा चार्जर घरच्या चढ-उतार होणाऱ्या विजेलाही तोंड देतो आणि परदेशातही चालतो. दुसरी ओळ बाहेर पडणाऱ्या विजेची. व्होल्टला अँपियरने गुणले की वॉट मिळतात. ५ व्होल्ट व २ अँपियर म्हणजे १० वॉट. साध्या मोबाइलला २० ते ३० वॉट पुष्कळ झाले, लॅपटॉपला ४५ ते ६५ लागतात. एकाच्या आत दुसरा चौकोन असे चिन्ह दिसले तर आत दुहेरी वेष्टन असल्याचा तो दावा. लेबलच नसेल, किंवा त्यावर कंपनीचे नाव-पत्ता नसेल, तर पुढे विचारच करू नये.

“मोठ्या वॉटच्या चार्जरने माझा लहान मोबाइल जळेल का?” हे मला नेहमी विचारतात. चांगला ‘टाइप सी’चा चार्जर असेल तर नाही. तो आधी ५ व्होल्टच देतो. मोबाइलने मागितले तरच दाब वाढवतो. म्हणून कुटुंबाने प्रवासात चार हलके चार्जर नेण्यापेक्षा दोन तोंडांचा, ६५ वॉटच्या आसपासचा एक चांगला चार्जर न्यावा, असे माझे मत आहे. गॅलियम नायट्राइड वापरलेले नवे चार्जर आकाराने लहान असूनही ताकदीचे असतात. केबल मात्र तितक्याच तोलामोलाची हवी. साधी ‘टाइप सी’ केबल ६० वॉटपर्यंतची असते. त्याहून अधिकासाठी वेगळी, ५ अँपियरची केबल लागते. मानेपाशी चिरलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली केबल प्रवासाला नेऊ नये. घरीही ठेवू नये, खरे तर.

येथे सवलत फक्त ‘टाइप सी’ला आहे, हे विसरू नका. गोल पिनच्या अडॅप्टरला मागणी-पुरवठ्याची अशी बोली कळत नाही. तो ६ चा असेल तर ६, १२ चा असेल तर १२ व्होल्ट सरळ सोडून देतो. आजोबांचे यंत्र त्यानेच गेले. घोरण्याच्या विकारासाठी रात्री मास्क लावून झोपणारे रुग्ण, वाफाऱ्याचे यंत्र वापरणारे दमेकरी, यांच्या यंत्रांच्या पिना एकमेकींसारख्या दिसतात, व्होल्ट मात्र निराळे असतात. यंत्राचा आणि अडॅप्टरचा व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. अँपियर अडॅप्टरचे जास्त असले तर चालतात, कमी चालत नाहीत. पिनमधील धन-ऋण टोकांची खूणही सारखी हवी. शक्यतो उसना अडॅप्टर लावूच नये. रक्तदाबाची बहुतेक घरगुती यंत्रे पेन्सिल सेलवरही चालतात. पुण्यात त्या नातवाने चार सेल आणले असते तर आजोबांची गोळी चुकली नसती.

रेल्वेतील चार्जिंगविषयी थोडे. आमची घोटी कसारा घाटाच्या माथ्याजवळची. येथून मुंबई-नाशिक ये-जा करणारे पुष्कळ. काही जुन्या डब्यांतील चार्जिंगच्या सॉकेटला ११० व्होल्ट असतात. १०० ते २४० व्होल्टचा चार्जर तेथे चालतो, फक्त २३० व्होल्टसाठी केलेला अडखळतो. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवण्याचा निर्णय रेल्वेने मार्च २०२१ मध्ये अमलात आणायला घेतला. त्यामागे गाड्यांत लागणाऱ्या आगींची काळजी होती. डिसेंबर २०१३ मध्ये बंगळूर-नांदेड एक्सप्रेसच्या वातानुकूलित डब्याला पहाटे आग लागून २६ प्रवासी मृत्युमुखी पडले होते, हे मराठवाड्यातील वाचकांना आठवत असेल. तेव्हा रात्री पॉइंट चालत नाही म्हणून डब्यातल्या कर्मचाऱ्याशी वाद घालू नये. मोबाइल झोपण्यापूर्वी चार्ज करावा आणि उशीखाली, पांघरुणात चार्जिंगला लावू नये. तापलेल्या बॅटरीला वारा हवा असतो.

झोपेच्या जागेपासून चार्जिंग लांब ठेवावे, हे घरालाही लागू आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत विजेवर चालणाऱ्या दुचाकीची बॅटरी बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावलेली असताना फुटली आणि तेथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. ती बॅटरी मोबाइलपेक्षा कितीतरी मोठी. पण मोबाइलमध्येही जात लिथियमचीच असते.

लॉज, धर्मशाळा, भक्तनिवास येथील सॉकेट अनेकदा सैल झालेले असतात. प्लग घातल्यावर डुगडुगत असेल, चरचर आवाज येत असेल किंवा सॉकेटचा रंग तपकिरी झाला असेल, तर दुसरे सॉकेट पाहावे. चार्जर कितीही चांगला असला तरी सैल जोडणीत ठिणग्या पडतातच. माझ्या स्वतःच्या दवाखान्यातील प्रतीक्षा कक्षातले सॉकेट असेच वितळले होते. एका बोर्डात तीन तोंडांचा प्लग, त्यात आणखी एक, त्यावर रुग्णांचे पाच मोबाइल. आळस माझाच, सहा महिने वायरमनला बोलावायचे राहिले होते. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वराचा सिंहस्थ आहे. मुक्कामाच्या ठिकाणी एकेका बोर्डाभोवती कशी झुंबड उडेल, याची कल्पना करा आणि घरून पॉवर बँक भरून आणा.

पॉवर बँकेलाही हीच नोंदणी सक्तीची आहे. ती फुगली असेल, पडून तिला पोचा आला असेल, तर ती वापरातून काढावी. विमानात ती हातातील सामानातच न्यावी लागते, चेक-इनच्या बॅगेत नाही. आणि मर्यादा १०० वॉट-तासांची असते. २०,००० मिलिअँपियर-तासांची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तास भरते, म्हणजे ती चालते.

मुलांकडे परदेशी निघालेल्या आजी-आजोबांसाठी एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायला हवी. दुकानात मिळणारा ‘युनिव्हर्सल ट्रॅव्हल अडॅप्टर’ फक्त पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. अमेरिकेत १२० व्होल्ट आहेत. तेथे आपला मोबाइल चार्ज होईल, पण २३० व्होल्टचे वाफाऱ्याचे यंत्र धड चालणार नाही. ज्यांना दमा आहे त्यांनी जाण्यापूर्वी यंत्रावरील आकडा मला किंवा आपल्या डॉक्टरांना दाखवावा; बहुतेकांना इनहेलर आणि स्पेसरवर नेता येते. ब्रिटन आणि दुबईत व्होल्ट आपल्याइतकेच, मात्र पिना चौकोनी, तीन. जर्मनी-फ्रान्समध्ये आपले दोन बारीक पिनांचे चार्जर बहुधा तसेच बसतात.

छातीत पेसमेकर असलेल्यांनी चुंबकाने चिकटणारे वायरलेस चार्जर टाळावेत. वापरायचेच असतील तर चार्जिंग चालू असताना छातीपासून किमान हातभर, म्हणजे तीस सेंटिमीटरहून दूर ठेवावेत आणि असा मोबाइल शर्टाच्या खिशात घालू नये.

महिन्यातून एखादा रुग्ण मला हाताला मुंग्या येतात म्हणून दाखवायला येतो. एका ताईंचे मधुमेहाचे आणि ब जीवनसत्त्वाचे अहवाल उत्तम होते. विचारता विचारता कळले की मुंग्या फक्त उजव्या मनगटाला आणि फक्त लॅपटॉप चार्जिंगला असताना येतात. धातूच्या कवचाच्या यंत्रांत, चार्जर चांगला असूनही, किंचित गळतीचा प्रवाह असतो. तो मिलिअँपियरच्या पाव भागाहून कमी आणि सहसा निरुपद्रवी. तरी त्यांना चार्जर बदलून पाहायला सांगितले. त्यांचा चार्जर टपरीवरचा, बिनलेबलचा होता. नव्याने मुंग्या गेल्या. धातूच्या यंत्रातून कधी स्पष्ट झटका बसला, तर मात्र तो चार्जर त्याच क्षणी बाद करावा.

अपघात झालाच तर काय करावे, तेही सांगून ठेवतो. विजेला चिकटलेल्या माणसाला हात लावू नका; मुख्य स्विच बंद करा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने तार दूर करा. श्वास नसेल तर १०८ ला फोन करायला कोणाला तरी सांगून छातीच्या मध्यभागी दाब द्यायला सुरुवात करा. मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल. शुद्धीवर असला तरी त्याला रुग्णालयात न्या, कारण कातडीवर नखाएवढी खूण असूनही हृदयाची लय बिघडलेली असू शकते आणि त्यासाठी ईसीजी काढावा लागतो. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते साधे पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. केबल चावून मुलाच्या ओठाचा कोपरा भाजला असेल, तर पालकांनी पुढील दोन आठवडे सावध राहावे. खपली निघताना, पाचव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत केव्हाही, ओठाच्या धमनीतून जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. तसे झाले तर ओठ आतून-बाहेरून दोन बोटांत घट्ट दाबून धरायचा आणि तसेच रुग्णालय गाठायचे.

आजोबा गेल्या आठवड्यात येऊन गेले. लेकीने नवे यंत्र घेऊन दिले आहे. त्याचा अडॅप्टर त्यांनी सुतळीने यंत्रालाच बांधून टाकला आहे आणि त्यावर नातवाकडून पांढऱ्या शाईने ‘बीपी ६’ असे लिहून घेतले आहे. पिशवीत चार सेलही होते. गोळी पूर्ववत पूर्ण घेतात. दाब १३६/८४ भरला.